बुलेटचे काळे सुटे भाग: कोणत्या भागाला कोणता काळा रंग, आणि तो टिकवायचा कसा

वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० मी पूर्ण खोलली, तेव्हा टाकी आणि मडगार्ड पेंटरकडे गेले, हँडल आणि सायलेन्सर क्रोमवाल्याकडे गेले, आणि माझ्यापुढे उरलं पाटीभर काळं लोखंड. मेन स्टँड, साइड स्टँड, डाव्या पायाचा ब्रेक पेडल, बॅटरीचा ट्रे, टूलबॉक्स, चेन कव्हर, हॉर्नची पट्टी, फुटरेस्टचे दांडे. मी बाजारातून काळ्या रंगाचे तीन स्प्रे कॅन आणले आणि रविवारच्या एका दुपारी सगळं एकदम रंगवून टाकलं. संध्याकाळी ते भाग इतके सुंदर दिसत होते की मी वडिलांना मुद्दाम अंगणात बोलावून दाखवले.

पहिल्याच पावसाळ्यानंतर मेन स्टँडचे टवके उडाले, बॅटरीच्या ट्रेवर रंगाचे फुगे आले, आणि पेट्रोलच्या कॉकखालचा भाग चिकट होऊन बोटाला काळं लागायला लागलं. हॉर्नची पट्टी मात्र अगदी नव्यासारखी होती. रंग तोच, हात तोच, दिवसही तोच. फरक होता तो त्या भागांच्या वाट्याला काय येतं याचा. म्हणून दुकानात जाऊन ‘चांगला काळा रंग द्या’ म्हणण्याआधी पाटीतला एकेक भाग हातात घ्या आणि त्याला काय काय सोसावं लागणार आहे ते बघा.

आधी भागांची वाटणी

मी आता चार ढीग करतो.

पहिला ढीग मार खाणाऱ्या भागांचा: दोन्ही स्टँड, ब्रेक पेडल, फुटरेस्टचे दांडे. यांच्यावर बूट घासतो, खडी उडते. दुसरा ढीग तेल, पेट्रोल आणि ॲसिडच्या जवळच्या भागांचा: बॅटरीचा ट्रे, चेन कव्हर, टाकीखालच्या पट्ट्या. तिसरा तापणाऱ्या भागांचा, म्हणजे बुलेटच्या बाबतीत बिडाचा सिलिंडर ब्लॉक, आणि काही गाड्यांमध्ये काळा सायलेन्सर. चौथा ढीग नुसत्या दिसण्याच्या भागांचा: हॉर्नची पट्टी, नंबरप्लेटची चौकट, टूलबॉक्सचं झाकण. या चौथ्या ढिगाला साधा स्प्रे कॅन पुरतो, त्यावर जास्त पैसे घालवू नका. बाकीच्या तीन ढिगांना तो पुरत नाही.

दुकानात मिळणारे काळे रंग

सिंथेटिक एनॅमल म्हणजे आपण खिडकीच्या गजांना मारतो तो ऑइल पेंट. स्वस्त असतो, ब्रशने छान बसतो, पण आतून पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. वरून हाताला सुका लागतो आणि आत मऊ असतो, त्यामुळे घाईने बोल्ट आवळला की वायसरखालचा रंग पिळून बाहेर येतो. वेळ असेल तर हा रंग लोक समजतात त्यापेक्षा बराच चांगला आहे.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, पेंटर ज्याला अजून ड्युको म्हणतात तो रंग, थिनर उडाला की काही मिनिटांत सुकतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत तो मोटारींसाठी आला आणि त्याचं ते व्यापारी नाव आपल्या गॅरेजांत कायमचं राहिलं. पॉलिश सुरेख घेतो, पण ठिसूळ असतो आणि थिनरने पुन्हा विरघळतो. बहुतेक साधे स्प्रे कॅन ॲक्रिलिकचे असतात. तेही नुसतं थिनर उडून सुकतात, म्हणून पेट्रोलपुढे हार खातात.

पीयू, म्हणजे टू-के, यात रंग आणि हार्डनर वेगळे येतात. मिसळल्यावर रासायनिक क्रिया होते आणि जो थर तयार होतो तो पेट्रोलने, इंजिन ऑइलने विरघळत नाही. इपॉक्सीही दोन डब्यांतच येतो. लोखंडाला तो इतर कोणत्याही रंगापेक्षा घट्ट धरतो, पण उन्हात काही महिन्यांत पांढुरका, खडूसारखा होतो. म्हणून इपॉक्सी खाली आणि पीयू वर, ही जोडी मार खाणाऱ्या भागांसाठी माझ्या मते सगळ्यात भरवशाची.

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचे काळे भाग भट्टीत भाजलेल्या एनॅमलचे असत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघाली, तोही डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजलेला रंग होता. आज त्या भाजणीच्या सर्वात जवळ जाते ती पावडर कोटिंग. तिच्याविषयी पुढे लिहितो.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा, मला तिचा फार उपयोग झाला. फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्टीचे बोटाएवढे चार तुकडे आणले, घासले, आणि प्रत्येकावर एक रंग मारून आठवडाभर टांगून ठेवले. मग पांढऱ्या सुती फडक्याला पेट्रोल लावून प्रत्येकावर वीस वेळा घासलं. स्प्रे कॅनच्या तुकड्याने सातव्या-आठव्या घासण्यालाच फडकं काळं केलं आणि खालचं लोखंड दिसू लागलं. ऑइल पेंटची चमक गेली, फडक्यावर करडी छटा आली. पीयूच्या तुकड्यावरून उचललेलं फडकं जवळजवळ जसं लावलं तसंच पांढरं होतं. या एका फडक्यामुळे दुसऱ्या ढिगाचा प्रश्न सुटला.

चमक किती हवी हेही आताच ठरवा. पूर्ण चकचकीत काळा रंग खालचा प्रत्येक खड्डा दाखवतो. गंजाने खाल्लेल्या जुन्या भागांवर सॅटिन, म्हणजे अर्धी चमक, जास्त शोभते आणि धुळीचे ओरखडेही कमी दिसतात. मॅट मात्र टाळा. त्याच्या खरखरीत पृष्ठभागात ग्रीस आणि धूळ बसते आणि निघता निघत नाही.

साफसफाई: निम्म्याहून जास्त वेळ इथे जाऊ द्या

आधी तेल, मग गंज. हा क्रम उलटा केला तर वायर ब्रश तेलच लोखंडात घासून बसवतो. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भाग रात्रभर भिजवा, जुन्या टूथब्रशने कानेकोपरे काढा. पण डिझेलचा स्वतःचाच तेलकट थर मागे राहतो, म्हणून नंतर भांड्यांचा साबण आणि गरम पाण्याने दोनदा धुवा. पाणी ओतल्यावर ते सगळीकडे एकसारखं पसरलं पाहिजे. कुठे थेंब थेंब होऊन सरकत असेल तर तिथे अजून तेल आहे.

जुना रंग पेंट रिमूव्हरने फुगवून खरवडा. जाड रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, आणि हे काम उघड्यावरच करा, कारण रिमूव्हर कातडीवर पडला तर भाजतं. उरलेला रंग आणि गंज ग्राइंडरवर वायरचा कप लावून काढा. कप ब्रशच्या तारा तुटून उडतात, जाड पँट आणि तोंडावर शील्ड हवंच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासताना साधं फडकं तोंडाला बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क वापरा. भाग जास्त असतील तर सरळ सँडब्लास्टिंगला द्या. एमआयडीसीत किलोवर किंवा नगावर करून देतात, आणि ब्लास्ट केलेल्या खरखरीत लोखंडाला अस्तर, म्हणजे प्रायमर, फार घट्ट धरतं. पातळ पत्र्याचं टूलबॉक्स आणि चेन कव्हर देताना मात्र बारीक वाळू आणि कमी प्रेशर मारायला सांगा, नाहीतर पत्रा वाकतो.

खड्ड्यांमधला काळा गंज ब्रशने निघत नाही. त्याला फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट रिमूव्हर लावा, डब्यावर लिहिलं असेल तेवढाच वेळ ठेवा, धुवा आणि लगेच सुकवा. संडास साफ करायचं ॲसिड बरेच जण वापरतात, कारण ते झटपट काम करतं. ते वापरू नका. त्यातला क्लोराइड लोखंडाच्या छिद्रांत राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत रंगाखालून गंज वर येतो. शिवाय त्याच्या वाफेने खोलीतले पान्हेसुद्धा गंजतात. स्टँडची स्प्रिंग कोणत्याही ॲसिडमध्ये टाकू नका, ताणाखालचं कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊन तुटू शकतं. स्प्रिंग नुसती ब्रशने साफ करा आणि तेलाचा हात फिरवून लावा. रंग तिच्यावर टिकतच नाही, प्रत्येक ताणाला तडकतो.

बॅटरीच्या ट्रेची वेगळी काळजी घ्यायची. त्यात वर्षानुवर्षं सांडलेलं सल्फ्युरिक ॲसिड मुरलेलं असतं. खायचा सोडा पाण्यात कालवून सगळीकडे ओता. फेस येईल. फेस यायचा थांबेपर्यंत पुन्हा ओतत राहा, मग भरपूर पाण्याने धुवा. माझ्या पहिल्या खेपेचे फुगे याच मुरलेल्या ॲसिडचे होते. वर कितीही महाग रंग लावला असता तरी ते आलेच असते.

आणि साफ केलेल्या लोखंडाला उघड्या हाताने शिवू नका. टूलबॉक्सचं झाकण आरशासारखं घासून मी कौतुकाने हातात धरून बघितलं होतं. जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा गंजाच्या रंगात उमटला होता, त्यातली प्रत्येक रेघ मोजता येईल इतका स्वच्छ. घामातलं मीठ एका रात्रीत एवढं करतं. घासायचं आणि अस्तर मारायचं हे एकाच दिवशी उरकलं पाहिजे, आणि मधल्या वेळात हातमोजे काढायचे नाहीत.

अस्तर

हार्डवेअरच्या दुकानात पहिल्यांदा हातात पडतं ते रेड ऑक्साइड. वर ऑइल पेंटच मारायचा असेल तर ते ठीक आहे. पण एनसी किंवा पीयू मारायचा असेल तर रेड ऑक्साइडला हात लावू नका. त्या रंगांचं तेज थिनर खालच्या तेलकट अस्तराला उचलतं आणि दोन मिनिटांत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. मग सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात.

मी पहिल्या तिन्ही ढिगांपैकी तापणारे भाग सोडून बाकी सगळ्यांना इपॉक्सी प्रायमर मारतो. डब्यावर दिलेलं प्रमाण मापाच्या कपानेच मोजा, अंदाजाने नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल ही समजूत चुकीची आहे, त्याने थर कमकुवत होतो. ब्रशने दोन पातळ हात पुरतात. कडा आणि वेल्डिंगचे सांधे आधी ब्रशने भरून घ्या, कारण रंग धारदार कडेवरून नेहमी मागे सरकतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. ॲल्युमिनियम किंवा झिंक प्लेटिंगचा भाग असेल तर आधी तो बारीक वॉटर पेपरने निस्तेज करून एच प्रायमर, म्हणजे ॲसिडने धातूला किंचित खाऊन धरणारं अस्तर, लावा, पण एच प्रायमरवर इपॉक्सी मारू नका. दोन्हींपैकी एकच.

गंजाचे खड्डे भरायचे असतील तर पुट्टी इपॉक्सीच्या वर भरा, उघड्या लोखंडावर नाही. पुट्टी पाणी शोषते. स्टँडवर तर पुट्टी अजिबात वापरू नका, पहिल्या दणक्याला गळून पडते. तिथले खड्डे तसेच राहू द्या, ते त्या गाडीचं वय आहे.

इपॉक्सीवर पुढचा रंग किती तासांच्या आत मारायचा हे डब्यावर दिलेलं असतं. ती वेळ टळली तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने किंवा भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने हलकं घासून, पुसून मगच पुढे जा.

अस्तराच्या आधी झाकायचं काय? आट्यांमध्ये जुना बोल्ट फिरवून ठेवा. मेन स्टँडच्या पिनच्या भोकात कागदाची घट्ट सुरळी घाला, नाहीतर रंगाच्या जाडीने पिन बसत नाही. आणि अर्थिंगची जागा मोकळी ठेवा. मी फ्रेमचा तो ठिपका रंगवून टाकला होता आणि दिवे का मिचमिचतात हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. वायरच्या डोळ्याखाली स्वच्छ लोखंड हवं, जोडल्यावर वरून थोडं ग्रीस.

रंग मारणं

हवा आधी बघा. पावसाळ्यात दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळा रंग धुरकट पांढरा पडतो. एनसी आणि स्प्रे कॅनला हा त्रास सर्वात जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन वर आल्यावर, ही आपल्याकडची उत्तम वेळ. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत उरका, दुपारच्या उन्हात रंग भागापर्यंत पोहोचायच्या आधीच अर्धा सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो. जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही. भाग तारेच्या हुकाने दोरीवर टांगा, असा की चारी बाजूंनी फिरवता येईल.

स्प्रे कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. थंडीत तो कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ कधीच नाही. वीतभर अंतरावर धरा. फवारा भागाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. पहिला हात इतका हलका की खालचं अस्तर दिसत राहिलं पाहिजे. सगळ्यांची चूक इथेच होते, पहिल्याच हातात काळं करायचा मोह होतो आणि ओघळ येतो. दहा-दहा मिनिटांनी तीन ते चार हलके हात. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. दोन दिवस सुकू द्या, ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासून सपाट करा, पुन्हा एक हात.

पीयूबद्दल मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते गनमधून फवारल्यावर छातीत जाऊन कायमचा दमा लावू शकतं, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वासानेही दम लागतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे. व्यवसायातले लोक बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि वेगळं बूथ वापरतात. घराच्या गॅलरीत, मुलं शेजारी खेळत असताना पीयू फवारू नका. दोनच मार्ग आहेत: अस्तर लावलेले भाग चांगल्या पेंटरच्या बूथमध्ये द्या, किंवा मऊ ब्रशने लावा. स्टँड, पेडल, ट्रे यांना ब्रशचा पीयू अगदी चालतो. ब्रशसाठी चालणारं, हळू उडणारं थिनर दुकानदाराकडून मागून घ्या, पातळ हात मारा, आणि एकदा फिरवलेल्या जागी परत ब्रश नेऊ नका. हातमोजे, चष्मा, सेंद्रिय वाफेचे फिल्टर असलेला मास्क आणि उघडी हवा ब्रशलाही हवीच. कालवलेला रंग काही तासांत घट्ट होतो, तेव्हा लागेल तेवढाच कालवा.

पावडर कोटिंग कधी

दोन्ही स्टँड आणि फुटरेस्टसाठी मी दुसऱ्या खेपेला हाच मार्ग घेतला. कोरडी पावडर विजेच्या भाराने भागावर चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवून एकसंध करतात. थर साध्या रंगाच्या जवळजवळ दुप्पट जाड येतो आणि बुटाच्या घासण्याला उत्तम टिकतो. काळा रंग बहुतेक ठिकाणी रोजच चालू असतो, त्यामुळे चार-पाच नगांसाठीही नाही म्हणत नाहीत.

शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी स्टँड घेऊन गेलो, तर तिथल्या कारागिराने तो उलटा करून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. “पावणं, आतला रबराचा बुश काढून आणा. भट्टीत त्याचा धूर हुतोय आन् सगळ्या लॉटवर डाग पडत्यात.” त्याचं अगदी खरं होतं. रबर, प्लास्टिक, पुट्टी, झाळ लावलेला सांधा, यातलं काहीही भट्टीत जाता कामा नये. नळीच्या आत राहिलेलं ग्रीसही तापून बाहेर येतं आणि पावडरमध्ये बारीक छिद्रं पाडतं. आट्या आणि भोकं सिलिकॉनच्या बुचांनी बंद करायला आवर्जून सांगा, न सांगता ते होईलच असं नाही.

तिचा एक दोष मात्र आहे. खोल टवका उडाला तर पाणी थराखालून दूरवर पसरतं आणि वरून काही कळत नाही. मग एके दिवशी मोठा पापुद्रा सुटतो. म्हणून मी ब्लास्टिंगनंतर झिंकचं पावडर प्रायमर आणि वर काळी असे दोन थर मागितले. थोडे पैसे जास्त गेले. स्टँडची टाच, जिथे रोज पाय पडतो आणि जमीन घासते, तिथे मात्र कोणताच रंग टिकत नाही. तिथे महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा.

तापणारे भाग

सिलिंडर ब्लॉकला सिलिकॉनच्या जातीचा, ६०० अंश सोसणारा काळा लागतो. त्याच्याखाली इपॉक्सी किंवा रेड ऑक्साइड नको, ते जळतं आणि वरचा रंग घेऊन खाली येतं. स्वच्छ बिडावर थेट दोन अगदी पातळ हात. तो हवेत नुसता सुकतो, कडक होतो तापल्यावरच. गाडी जोडली की पहिल्यांदा दहा मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, मग वीस मिनिटं, मग अर्धा तास. पहिल्या दोन वेळा धूर आणि वास येतो, घाबरू नका. तोवर त्यावर पेट्रोल सांडू देऊ नका.

नट-बोल्ट

हे रंगवू नका. पान्हा लागला की रंग जातोच. ब्लॅकोडायझिंगला द्या, किलोवर करून देतात. लोखंडावर काळा ऑक्साइड चढतो, माप बदलत नाही, आट्या मोकळ्या राहतात. तो थर गंज स्वतःहून फारसा रोखत नाही, तेल लावलेलं हवं, म्हणून बसवताना प्रत्येक बोल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडवून पुसा.

जोडणी

पीयू आणि इपॉक्सीला आठवडा द्या, ऑइल पेंटला महिना. तोवर भाग उन्हात टांगा. काळा रंग ऊन छान पितो आणि त्या उबेने आतून लवकर कडक होतो. एखाद्या लपणाऱ्या जागी ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर चौकोन आले तर अस्तर धरलेलं नाही, आणि हे गाडी जोडण्याआधी कळलेलं बरं.

रंगवलेल्या भागावर लोखंडी वायसर थेट फिरवू नका, खाली नायलॉनचा पातळ वायसर घाला. पान्ह्याच्या तोंडाला मास्किंग टेप गुंडाळा. जिथे केबल घासते तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा. उरलेला पीयू साठवता येत नाही, पण न कालवलेला रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या घट्ट बाटल्यांत, तारीख लिहून ठेवा. पहिला टवका उडेल त्याच आठवड्यात ती जागा घासून, थोडा रंग बारीक ब्रशने लावता येतो. माझ्या ब्रेक पेडलवर असे तीन ठिपके आहेत. जवळून बघितल्याशिवाय दिसत नाहीत, आणि त्यांच्याखाली अजून गंज नाही.